कोंबडीला काल नसतो

फोन आला तेव्हा मी कावळा होते. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात पाचवीतल्या एका मुलीला कावळ्याचं काम दिलं होतं आणि तिच्या गळ्यातून काही केल्या काव निघेना, सगळं गोड गोड निघत होतं. म्हणून मीच बाकावर चढून, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात पसरून तिला काव करून दाखवत होते. मुलं टाळ्या वाजवत होती आणि खरं सांगायचं तर मलाही उतरावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वहिनींचा होता. "वन्सं, हे गेले," त्या म्हणाल्या. "आत्ताच. चहा दिलता, अर्धा घेतला..." मी बाकावरून उतरले. ती मुलगी म्हणाली, "बाई, कावळा संपला?" मी म्हटलं, संपला. बेळगुंदीच्या बसमध्ये बसले तरी रडू येईना. येत होता तो एकच विचार, की आत्ता अण्णा असता तर त्यानं विचारलं असतं, "कुठला काव केलतीस गं? बोलवायचा, का भ्या दाखवायचा? कावळ्याचं येगयेगळं असतंय." त्याच्या जाण्याच्या बातमीच्याही पुढे त्याची शंका येऊन उभी राहिली होती. गेल्या महिन्यात घडलेली ही गोष्ट. आता लिहायला बसलेय.

अण्णा म्हणजे माझा मावसभाऊ यशवंत. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. जन्म बेळगुंदीचा, नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरची, आणि छंद असा की सांगायला घरच्यांना लाज वाटावी. तो जनावरांच्या बोलण्याची वही लिहायचा. आम्ही बेळगावातली माणसं. मे महिन्यात आई मला मावशीकडे सोडून जायची आणि मी दिवसभर अण्णाच्या मागे बडबडत फिरायची. तो मला पोपट म्हणायचा. "बोलतीस लई, सांगत कायच न्हाईस," असं त्याचं माझ्याबद्दलचं मत होतं. पुढे चाळीस वर्षांत त्यानं ते बदललं नाही.

त्याचा पहिला प्रयोग मी स्वतः पाहिलाय, कारण मी त्यात मदतनीस होते. मावशीची एक तांबडी कोंबडी होती, पिलांची लेकुरवाळी. अण्णानं मला सूप दिलं आणि भिंतीवर चढवलं. म्हणाला, मी हात केला की अंगणावरून भिरकाव. मी भिरकावलं. सुपाची सावली अंगणावरून सरकली आणि कोंबडीच्या गळ्यातून एक बारीक, लांब, चिरकी किंकाळी निघाली. पिलं जिथं होती तिथं जमिनीला चिकटली. मग त्यानं मांजर आणून सोडलं. आता आवाज निराळाच. कट कट कट कट, तुटक आणि रागीट, आणि पिलं धावत आईच्या पोटाखाली. "बघ गं," अण्णा म्हणाला, "वरनं येणाऱ्याला एक शब्द, खालनं येणाऱ्याला दुसरा." मी विचारलं, "म्हणजे तिला बोलता येतं?" तो म्हणाला, येतंय की. "मग आत्ता का नाही बोलत?" हा माझा प्रश्न अगदी माझ्या वयाला शोभणारा होता, पण अण्णा उकिडवा बसला आणि कोंबडीकडे बघत राहिला. म्हणाला, "आत्ता घार न्हाय न्हवं. घार दिसली तरच ती घार म्हणती. काल आलती, उद्या येईल, संभाळून ऱ्हावा, असं बसून सांगत न्हाय." आणि मग जरा दुःखानंच, जणू कोंबडीच्या घरातलं काही वाईट कळलं होतं, "कोंबडीला काल नसतो गं." पुढे चार दिवस अंगणातल्या एकाही कोंबडीनं अंडं घातलं नाही. मावशीनं त्याचं कारण कोंबडीला विचारलं नाही, अण्णाला विचारलं. चिंचेच्या फोकानं विचारलं.

निपाणीला त्याची बदली झाली तेव्हा मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. सुट्टीत चार दिवस त्याच्याकडे गेले होते. दवाखान्याच्या आवारात एक तंबाखूवाला शेतकरी बैल घेऊन आला, चेहरा अगदी सुतकी. डॉक्टर फिरतीवर गेले होते, अण्णाच डॉक्टर. "फसलो बघा," शेतकरी म्हणाला. "बैल बहिरा हाय. चल म्हटलं तर चालत न्हाय, फिर म्हटलं तर फिरत न्हाय. दगडावानी हुबा." अण्णानं बॅटरी आणली, एक कान बघितला, दुसरा बघितला, बैलाच्या मागे जाऊन टाळी वाजवली. बैलानं कान फिरवला. अण्णानं विचारलं, "कुठनं आणलासा?" गोकाकच्या बाजूनं, शेतकरी म्हणाला. अण्णा बैलाच्या कानाशी वाकला आणि एखादं गुपित सांगावं तसं हळूच म्हणाला, "नडी." बैलानं ताबडतोब पाऊल उचललं आणि ते मालकाच्या पायावर ठेवलं. "बहिरा न्हाय वो," अण्णा म्हणाला, "कानडी हाय." शेतकरी पाय धरून एका पायावर नाचत होता आणि ओरडत होता, "आता ह्या वयात मी कानडी शिकू व्हय?" अण्णानं शांतपणे दवाखान्याचा कागद घेतला. "तुम्ही शिका, न्हायतर त्याला मराठी शिकवा. कोण आधी शिकतंय ते येऊन सांगा मला." आणि कागदावर लिहून दिलं, 'नडी (म्हणजे चल), सकाळी दोन वेळा, दुपारी एक वेळा, उपाशीपोटी चालेल.' हा कागद मी डोळ्यांनी पाहिलाय. पुढे तो शेतकरी परत आला. दोघंही दोन्ही भाषा शिकले होते. अण्णाला याचा फार आनंद झाला, पण त्या आनंदातही त्याचं कुतूहल गप्प बसलं नाही. मला म्हणाला, "मी त्या बैलाला म्हटलं, उद्या नडी. तर ते आत्ताच चालाय लागलं. नडी कळतंय त्याला. उद्या कळत न्हाय."

त्या वहीत त्यानं दोन भाग केले होते. एका बाजूला जनावर काय म्हणतं, दुसऱ्या बाजूला माणूस जनावराला काय म्हणतो. दुसरी बाजू भरून वाहायची. कोंबड्यांना एका घरी 'ती ती ती' म्हणून बोलवायचे, शेजारच्या कानडी घरी 'बा बा बा', आणि दोन गावं ओलांडली की तिसरंच काहीतरी. जनावराची बाजू मात्र कोरडी राहायची. बेळगुंदीची म्हैस जशी रेकते तशीच लोंढ्याची. तो म्हणायचा, "जनावराच्या शब्दाला गाव नसतंय. माणसाच्या शब्दाला गल्ली सुदिक असती." गावात पाटी कुठल्या भाषेत लिहायची यावरून वाद पेटला की हा तावातावानं बोलणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये जाऊन अगदी निरागस चेहऱ्यानं विचारायचा, पाटीवर बसलेली चिमणी कुठल्या भाषेत शिटती म्हणायची? दोन्ही बाजूंनी शिव्या मिळायच्या. एक मराठीत, एक कानडीत. तो दोन्ही वहीत उतरून घ्यायचा.

त्याची शेवटची बदली जांबोटीला झाली. तिथं त्याच्या सिद्धांताला जो तडा गेला, त्याची साक्षीदारही मीच. तोवर त्यानं पक्कं ठरवलं होतं की माणूस आणि जनावर यांत फरक एकच, जनावर खोटं बोलत नाही. घार नसताना कोंबडी घार म्हणत नाही. हे तो इतक्या खात्रीनं सांगायचा, की मीही शाळेत मुलांना सांगून टाकलं होतं. एका सकाळी आम्ही दोघं एका म्हशीला बघायला वाडीवर चाललो होतो. बस चुकली होती, चांगले तीन-चार मैल चालायचे होते. वाटेत एका झाडाखाली छोटे पक्षी पानं उलटून किडे वेचत होते. एकाला चांगली जाडजूड अळी सापडली आणि तेवढ्यात वरून धोक्याची शीळ झाली. सगळे पक्षी भुर्रकन उडाले, अळी टाकून. आम्ही वर बघितलं. ससाणा नाही, घार नाही, काही नाही. फांदीवर एक काळा भृंगराज बसला होता, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला झुपके, एखाद्या नाटकातल्या राजासारखा. तो आरामात खाली उतरला आणि अळी खाल्ली. ती शीळ त्या छोट्या पक्ष्यांचीच होती, यानं तिची नक्कल केली होती. पुढच्या झाडाखाली पुन्हा तोच खेळ. अण्णा रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "ह्यो खोटं बोलतोय गं," तो म्हणाला. आवाज असा की मला वाटलं, घरातल्या कुणीतरी फसवलंय. मी नको तेव्हा विनोद करणारी बाई. म्हटलं, "मग झाला की हा माणूस. रेशनकार्ड काढून दे." तो हसला नाही. वही काढली आणि खोट्याबद्दलची ओळ खोडली. म्हशीला बघून झालं. परतताना मात्र अचानक थांबून म्हणाला, "खोटं बोलतंय ते खरं, तरी सांजच्याला दुसऱ्याजवळ बसून, कसा फसवला म्हणून हसत न्हाय." आणि मग त्याचा चेहरा उजळला. फरक थोडा मागे सरकला होता, पण मोडला नव्हता. अण्णाला तेवढं पुरायचं.

निवृत्तीनंतर अण्णा बेळगुंदीलाच राहायला आला होता. गेल्या वर्षी एका सकाळी म्हशीला पाणी दाखवताना अण्णा गोठ्यातच खाली बसला, तो उठला नाही. उजवी बाजू गेली. बेळगावच्या इस्पितळात काही दिवस काढून घरी आणला तेव्हा डावा हात हलत होता, डोळे नेहमीसारखे चौकस होते, आणि बोलणं सगळं गेलं होतं. सगळं म्हणजे, एक शब्द सोडून सगळं. तो शब्द होता 'हो'. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो, किती कळतंय ते सांगता येत नाही, बोलत राहा. बोलत राहा म्हटल्यावर मी काय मागे हटते? मी त्याच्या खाटेशी बसले आणि म्हटलं, "अण्णा, मला ओळखलंस?" तो म्हणाला, "हो." मी आनंदानं रडले. मग तासभर त्याला गावभरच्या बातम्या सांगितल्या आणि तो मधूनमधून "हो... हो" म्हणत राहिला. वहिनींना मी बाहेर येऊन सांगितलं, सगळं कळतंय त्याला, एकेक गोष्टीला हुंकार देतोय.

वहिनींचा अनुभव मात्र वेगळा होता. "आणि थोडा भात वाढू?" विचारलं की तो म्हणायचा, हो. वाढला की डाव्या हातानं ताट सरकवायचा. पुन्हा विचारलं, पुन्हा हो, पुन्हा ताट. वहिनी म्हणायच्या, डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं. त्याच्या हातापायांना व्यायाम द्यायला शांतव्वा नावाच्या बाई यायच्या. कानडीच बोलायच्या, मराठी जेमतेम कळायचं. त्या एक दिवस दहा मिनिटांत पिशवी उचलून निघाल्या. वहिनींनी अडवलं तर म्हणाल्या, "होगु अंदार्री." जा म्हणाले की ते. कानडीत होगु म्हणजे जा, अण्णाच्या तोंडातला 'हो' त्यांनी अर्धवट राहिलेला 'होगु' धरला होता. आम्ही हसलो. आता विचार करते तेव्हा त्या हसण्याची लाज वाटते, कारण खरं काय आहे याच्या सगळ्यांत जवळ त्या बाईच गेल्या होत्या.

आणि मग सुनील आला. सुनील अण्णाचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला, मुलगा लाखात एक. लहानपणापासून शिकायला बाहेर, त्यामुळं बोलणंही पुण्याचं. आठ दिवसांची रजा काढून आला तो ठरवूनच, की आई-बाबांना पुण्याला न्यायचं. तिथं मोठे डॉक्टर, बोलणं परत शिकवणारे तज्ज्ञ, लिफ्ट असलेला फ्लॅट. त्यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. तरी तो सज्जन, म्हणून रोज बापाला विचारायचा. "बाबा, पुण्याला जायचं ना?" "हो." "म्हैस शेजारी देऊन टाकू?" "हो, हो." "घराला कुलूप लावू?" "होऽ." सुनील आमच्याकडे बघायचा, डोळ्यांत पाणी. बघा, किती लवकर तयार झाले. नवरा हो म्हणतोय, मुलगा नेतोय, बाईनं मध्ये काय बोलायचं? वहिनींनी लोणच्याच्या बरण्या बांधायला घेतल्या.

मला मात्र आठवडाभर एक विचार छळत होता आणि तो कुणाला सांगता येत नव्हता. अण्णाचा हा 'हो' म्हणजे शब्द आहे का नुसता आवाज? काहीही विचारलं तरी तोच. कोंबडीसुद्धा घारीला आणि मांजराला वेगळं काही म्हणते. जन्मभर ज्यानं माणूस आणि जनावर यांच्यातला फरक शोधला, तो स्वतःच आता वहीतल्या जनावरांच्या बाजूला जाऊन बसला होता का? आत अण्णा आहे, का नाही? हे कळल्याशिवाय त्याला गाडीत घालणं मला बरं वाटत नव्हतं, आणि कळणार कसं तेही समजत नव्हतं.

जायचा दिवस उजाडला. मी पहाटेच्या बसनं बेळगुंदीला पोहोचले. गाडी दारात, डिकीत बरण्या, मागच्या सीटवर उशा. अण्णाला धुतलेला सदरा घालून बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं होतं. सुनील त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "बाबा, निघायचं ना आता?" अण्णा म्हणाला, "होऽ." त्याच वेळी समोरच्या रस्त्यानं गावातल्या कल्लाप्पाची बैलगाडी चालली होती, रताळ्यांची पोती भरून. बैल थांबले. कल्लाप्पानं जीभ टाळूला लावून टकटक केलं, शेपटी पिरगाळली, बैल दोन पावलं चालले. सुनील म्हणाला, "निघूयाच, घाई करू नका." अण्णानं डावा हात कट्ट्यावर आपटला आणि मोठ्यानं म्हणाला, "हो, होऽ." बैल पुन्हा जागच्या जागी. कल्लाप्पा वैतागला. "अण्णा, का थांबीवतासा माझ्या बैलांस्नी? बाजार गाठायचाय, जाऊ द्या की."

सुनील म्हणाला, "ते कुठं थांबवतायत? ते मला हो म्हणतायत."

"तुला म्हणत असतील न्हायतर कुणाला," कल्लाप्पा म्हणाला. "बैलाला हो म्हटलं की ते थांबणारच. माझी बैलं काय खुळी हैत व्हय?"

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला. इतक्या हळू ठेवला, की मला तो आवाज अजून ऐकू येतो. "सुनील," त्या म्हणाल्या, "तुझा बाप जन्मात कधी 'हो' म्हणाला न्हाय रे. मला तरी न्हाय. लग्नाला बी 'व्हय' म्हणालता."

आता वाचकहो, तुम्ही विचाराल, एवढी साधी गोष्ट तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही? नाही आली. कारण मी बेळगावातली शिक्षिका, माझ्या तोंडी 'हो'. सुनील पुण्याचा, त्याच्या तोंडी 'हो'. डॉक्टरांच्या तोंडी 'हो'. शिकलेल्या माणसांनी आजारी माणसाच्या तोंडात स्वतःचा शब्द ऐकला आणि खूश झाले. अण्णा साठएक वर्षं व्हयच म्हणत आला होता आणि 'हो' त्यानं ठेवला होता तो फक्त बैलांसाठी. थांब. एवढाच शब्द त्याच्याजवळ उरला होता आणि तो त्यानं सगळीकडे जपून, बरोबर वापरला होता. भात नको, थांब. व्यायाम पुरे, थांब. आणि ज्याला मी हुंकार समजून तासभर बोलत राहिले तो... पोपटे, आता थांब.

वहिनी त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "पुण्याला जायचं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिला आणि काही बोलला नाही. "हितंच ऱ्हायाचं?" तरी नाही. त्यानं फक्त हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला कुणी प्रश्न विचारला होता आणि तो 'हो' म्हणाला नव्हता. थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सुनील जमिनीवर बसला, धुतलेल्या पँटसकट. "मी आठ दिवस त्यांना विचारत होतो," तो म्हणाला, "आणि आठ दिवस ते मला थांब म्हणत होते." कल्लाप्पा गाडीवरून खाली उतरला होता. त्याला काय झालंय ते नीट कळलं नव्हतं, पण बाजार चुकला तरी चालेल अशा बेतानं तो उभा होता. मग त्यानं सुनीलला डिकीतल्या बरण्या काढायला मदत केली.

परतीच्या वाटेवर मी विचार करत होते. अण्णाचं बोलणं आम्हा सगळ्यांच्या आधी बैलांना कळलं, हे खरंच. सांगायला गोष्ट छान आहे, मी अजून ती रंगवून सांगते. पण बैलांना कळलं ते एवढंच, की थांबायचं. काय थांबवायचंय ते त्यांना कुठं कळलं होतं? पुणं, कुलूप, म्हैस, उद्या, हे सगळं त्या एका आवाजात भरलेलं होतं आणि ते वहिनींनी बाहेर काढलं. मला वाटलं, अण्णानं फरक शोधला तो बोलणाऱ्यात. तो ऐकणाऱ्यातही असावा. हे त्याला सांगायला मी पुढच्याच रविवारी गेले. तो ऐकत होता, डोळे बारीक करून. मला वाटलं, पटतंय. मग मी उदाहरणं द्यायला लागले, आणि तो म्हणाला, "हो." मी थांबले. तो हसला, तोंडाच्या चालणाऱ्या बाजूनं.

त्यानंतर तो सात-आठ महिने होता आणि मला सांगायला आनंद वाटतो, की ते चांगले गेले. एकाच शब्दात वहिनींनी आणि त्यानं संसार चालवला. तुटक 'हो' म्हणजे चहात साखर कमी आहे, ढवळणं थांबव आणि साखर घाल. लांब 'हो' म्हणजे जाऊ नको, जरा बस. नाकातून आलेला 'हो' माझ्यासाठी राखीव होता. शांतव्वाही शिकल्या. त्यांच्याशी तो मुद्दाम 'हो...' म्हणून अर्धवट सोडायचा, त्या पिशवीकडे हात नेल्याचं नाटक करायच्या, आणि मग दोघं हसायची. एकाला बोलता येत नव्हतं, दुसरीला मराठी जेमतेम कळायचं, आणि थट्टा मात्र रोज ताजी व्हायची. सुनील दर महिन्याला यायला लागला. पहिल्या-दुसऱ्या वेळी तो बापापुढे परीक्षेला बसल्यासारखा बसायचा. हळूहळू त्यानं प्रश्न विचारायची पद्धतच बदलली. आधी विचारायचा आणि मग गप्प राहून वाट बघायचा. एवढी वाट बघणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी परवा पुन्हा बेळगुंदीला गेले होते. वहिनी कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. अण्णाची बसायची जागा मोकळी ठेवून त्या बाजूला बसल्या होत्या आणि मीही त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. तेवढ्यात सुनीलचा फोन आला. वहिनींचे हात मातीचे, म्हणून त्यांनी तो मोठ्या आवाजावर लावून शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. जेवलीस का, म्हशीला कोण बघतं, पाय दुखतोय का, असं सगळं झालं. मग तो जरा थांबून म्हणाला, "आई, तू एकटी तिथं. आता येणार ना इकडं राहायला?"

वहिनींनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"हो," त्या म्हणाल्या.

फोनमधून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, कट झाला. मग सुनीलचा आवाज आला, जपून पाऊल टाकावं तसा. "कुठला हो, आई?"

"बेळगुंदीचा," वहिनी म्हणाल्या.

शेंगा फुटत राहिल्या. मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मध्ये तोंड घातलं नाही.

"व्हय," सुनील म्हणाला.